दादाचा फोन बातारला आला

हे लिहू की नको, यातच वर्ष निघून गेलं. चिकलठाण्याच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. पार्ट मापात बसला तर पास, नाही तर रिजेक्ट – एवढंच मला कळतं. अंगात येणं, माणूस गेल्यावर दिसणं, असलं कुणी सांगू लागलं की मी चहा ठेवायच्या निमित्तानं उठून जायचे. त्यामुळं हे वाचून तुम्हीही उठून गेलात तर मला राग येणार नाही...

आम्ही पिशोरचे. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, वडिलांनी शेती केली. ते गेल्यावर मी, माझा थोरला भाऊ रमेश आणि आई संभाजीनगरला राहायला आलो. दादाला मोटरसायकलचं वेड, त्यातही डांबर सोडून मातीत घालायचं. एकदा त्यानं मंगोलियाचे व्हिडिओ पाहिले. नजर पुरणार नाही एवढं गवताचं रान, पुढं गोबीचं वाळवंट, रस्ता म्हणून काही नाही, आणि मधूनच मेंढरं हाकत निघालेली माणसं. मला बोलावून म्हणाला, "सुरे, बघ. ही तर आपलीच माणसं हायेत."

तेव्हापासून आमचं प्लॅनिंग सुरू झालं. ऑगस्टमधली आठवडाभराचीच ट्रिप, गाड्या तिथंच भाड्यानं घ्यायच्या. बातार नावाचा तिथला एक माणूस अशा ट्रिप करायचा. त्याचं आणि दादाचं, दोघांचंही इंग्रजी मोडकंतोडकं, तरी व्हिडिओ कॉलवर तासतास गप्पा चालत. पेट्रोल कुठं भरायचं, पाणी किती न्यायचं, वारा सुटला तर तंबू कुठं टाकायचा. रविवारी दादा मला पिशोरच्या माळावर नेऊन दगडगोट्यांत गाडी चालवायला लावायचा. मी पडले तर उचलायला यायचा नाही. तिथं कोण उचलणार आहे, म्हणायचा.

मग त्याला ताप येऊ लागला. रक्ताचा कॅन्सर निघाला. दादा बघता बघता निम्मा झाला, केस गेले, शेवटी शेवटी तोंडावर मास्क. पण दवाखान्यातल्या कॉटवरूनही तो बातारशी बोलायचा. कानटोपी घालून, धापा टाकत... ऑगस्टपर्यंत मी उभा राहतो, हे एकच म्हणणं. मी हो म्हणायचे. वैशाखात तो गेला.

दहावा उरकल्यावर मी बातारला फोन लावला तो ट्रिप रद्द करायला. दादा गेल्याचं अजून त्याला कळवलंच नव्हतं. आईनं तर बजावलं होतं, यापुढं गाडीला हात लावायचा नाही. एक पोरगं गेलं, आता दुसरं ती पाठवणार नव्हती. रविवारची सकाळ होती. आई माझ्याजवळच तांदूळ निवडत बसली होती.

मी काही बोलायच्या आत बातारच हसत म्हणाला, तुझी गाडी तयार आहे, सीट खाली घेतलीय. तुझ्या भावानं परवा फोन करून सांगितलं ना.

मला वाटलं, याचा दिवसांचा घोळ झालाय. दादाचा फोन तर मी स्वतः बंद करून कपाटात ठेवला होता. पण तो सांगत राहिला. तुझा भाऊ म्हणाला, ती एकटी येणार आहे, तिचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, लाजेनं ती सांगणार नाही, तू सीट खाली घे.

माझे पाय टेकत नाहीत हे खरं आहे. माळावर मी पडायचे ती त्यामुळंच. पण दादानं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. आणि मी एकटी जाणार, हे तर त्याच्या तोंडून कधीच निघालं नव्हतं.

मी बातारला सांगितलं, दादा गेला.  त्यानं बायकोला हाक मारली. परवाच्या व्हिडिओ कॉलवर तिनंही दादाला पाहिलं होतं. बातारनं मोबाईलमध्ये शोधलं तर परवाचा कॉलच सापडेना, जुने तेवढे होते. जुनाच एखादा कॉल तुला आठवत असेल, असं मी म्हणाले. तो नाही म्हणाला. तेव्हा टोपी होती, मास्क होता. परवा केस होते.

आईला इंग्रजी येत नाही, पण रमेशचं नाव तिला कळलं होतं. मी तिला सगळं सांगितलं. तिनं ताट बाजूला ठेवलं.

"त्याला इचार, कसा दिसत व्हता."

मी विचारलं. बातार म्हणाला, चांगला दिसत होता, गाल भरलेले होते.

"खोकत व्हता का?"

नाही म्हणाला. खूप हसत होता.

 आई पुन्हा तांदूळ पुढं ओढून म्हणाली, "मंग जा तू."

मी गेले. सहा जणांत मी एकटीच बाई. वारा, गवत, मग ती पिवळी जमीन. बाकीचे फोटो काढत असले की मी थोडी लांब जाऊन थांबायचे. खोटं कशाला बोलू, मी वाट बघत होते. काही दिसलं नाही. काही ऐकू आलं नाही.

बातार खोटं बोलला असेल का? दादानं जायच्या आधीच त्याला काही सांगून ठेवलं असेल? सगळं मापून बघितलं, एकही गोष्ट बसत नाही.

घरी आले तेव्हा आई दारातच उभी होती. बॅग हातातून घेत तिनं हळूच विचारलं, दिसला का. मी नाही म्हणून मान हलवली.

"बरा हाय म्हनल्यावर कशाला यील," ती म्हणाली, आणि बॅग घेऊन आत गेली.