मोटारींच्या काळसर काचा

थिनरचा वास विरायच्या आत काच पांढरी पडली. मी स्प्रे खाली ठेवला आणि कामतसाहेबांना हाक मारली. त्यांनी काच उजेडाकडे धरली. आत बारीक तडे गेले होते.

"ही दुसरी ना?"

"तिसरी."

चिंचपोकळीला कामतसाहेबांचा मॉडेल बनवायचा वर्कशॉप होता. बिल्डरांच्या इमारती, जहाजं, मशिनं, सगळं छोट्या मापात. मी तिथे नोकरीला होते. त्या वेळी एका ॲड एजन्सीचं काम आलं होतं. प्रदर्शनातल्या स्टॉलसाठी हातभर लांबीच्या मोटारी हव्या होत्या, आणि काचा धुरकट काळसर. एजन्सीचे मेनन म्हणाले होते, "आतल्या सीट्स दिसल्या पाहिजेत, पण काच काळी वाटली पाहिजे."

मॉडेलच्या मोटारीला वेगवेगळ्या काचा नसतात. पारदर्शक प्लास्टिकची शीट गरम करून लाकडी साच्यावर खेचतात. पुढची, मागची, बाजूची अशा सगळ्या काचा एकाच तुकड्यात निघतात. त्याला आम्ही टोप म्हणायचो. त्यावर स्प्रे मारला तर रंगातला थिनर प्लास्टिक खातो. ब्रशने ग्लास कलर लावला तर ओघळ दिसतात. त्यात आमचा साचा उष्णतेने फुटला होता. म्हणजे होते तेवढेच टोप.

"नाही जमलं तर मेननला आजच सांगू," कामतसाहेब म्हणाले. "पण मग त्यांचं पुढचं काम आपल्याकडे येत नाही."

घरी तेव्हा माझ्या एकटीचा पगार येत होता. बाबा लालबागच्या एका गिरणीत रंगखात्यात होते. संप सुरू झाला तेव्हा मी कॉलेजात होते. आता नोकरीत रुळले होते, तरी बाबा रोज सकाळी दाढी करून गॅलरीत बसायचे. गेटवर मीटिंग असली की जायचे. हल्ली मीटिंगही होत नव्हत्या.

जेवताना मी सहज बोलले, की रंग वर बसतच नाही.

"वर कशाला बसवतेस गो?" बाबा म्हणाले. "आत जाऊ दे. टेरिलीन आम्ही रंगवायचो ते काय ब्रशने?"

टेरिलीन म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच. त्याचा रंग गरम पाण्यात धाग्याच्या आत शिरतो. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाबा रंगाच्या पुड्या घेऊन माझ्याबरोबर वर्कशॉपला आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता.

त्यांनी स्टोव्हवर पातेलं ठेवलं, पाणी खळखळू दिलं आणि टोप आत सोडला. बघता बघता तो आक्रसला. बाहेर काढला तेव्हा तळलेल्या पापडासारखा दिसत होता.

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग हात पुसले. "खात्यात याहून जास्त हीट द्यायचो," ते म्हणाले. "हे माझं काम नव्हे बाय. तुमच्या मालाची मला माहिती नाही."

ते चपला घालू लागले. कामतसाहेब बाबांना शांतपणे म्हणाले, "रावले, हा टोप खराब झाला, पण रंग बघा. आत गेलाय."

खरंच गेला होता. वाकड्यातिकड्या प्लास्टिकमधून पलीकडची खिडकी स्वच्छ दिसत होती. फक्त काळी.

बाबा थांबले. माझ्याकडे वळून विचारलं, "हे नरम कधी पडतं?"

मी शीटचे तुकडे थर्मामीटर लावून पाण्यात धरून बघितले. उकळीच्या बरंच खाली ते लवायला लागायचे. त्याहून कमी आच ठेवायची असं ठरलं. पण आमचा काळा लाल, निळ्या अशा पुड्या मिसळून केलेला होता, आणि मंद आचेवर लाल आधी चढला, निळा मागे राहिला. पुढचा टोप वांग्याच्या रंगाचा निघाला. बाबांनी लाल कमी केला, निळा वाढवला. आच मी सांभाळायची, शेड त्यांनी. मध्येमध्ये टोप काढून ते दारात जायचे, सावलीत धरून बघायचे आणि परत आणायचे. दुपार अशीच गेली. जेवायला कोणी उठलं नाही.

शेवटी त्यांनी एक टोप माझ्या हातात दिला. "हा धर. बाकीचे याच्यावर मॅच करू."

मेनन आले तेव्हा त्यांनी टोप वर्तमानपत्रावर ठेवला आणि त्यातून हेडलाइन वाचली. "थोडा ब्लू आहे," म्हणाले.

"आहे," मी म्हटलं.

त्यांनी तो मोटारीवर बसवून पाहिला. "चालेल. उलट बरा वाटतो."

ते गेल्यावर कामतसाहेब बाबांना म्हणाले, "रावले, उद्यापासून या. कायमचे."

बाबा पुड्या आवरत होते. "कायमचं नको, साहेब. संप मिटला की मला खात्यावर हजर व्हावं लागेल. तोवर येतो."

गिरणीचं काय होणार हे तेव्हा लालबागमध्ये सगळ्यांना कळून चुकलं होतं. कामतसाहेबांनी फक्त मान हलवली. "चालेल. तोवर या."

बाबा येत राहिले. लाल दिव्यांच्या कव्हरपासून हेलिकॉप्टरच्या हिरव्या काचेपर्यंत सगळं त्यांनी रंगवलं. संप मिटल्याचं त्यांना कोणी कळवलं नाही, त्यामुळे हात थरथरू लागेपर्यंत ते आमच्याकडे तात्पुरतेच होते.

पुढे मी वर्कशॉप सांभाळू लागले. नव्याने येणाऱ्यांना पहिल्या दिवशी एवढंच सांगायचे, की प्लास्टिकला रंग चढवायचा असेल तर पाणी उकळू देऊ नका. वेळ लागतो, लागू द्या.