सारवायचं राहिलेलं गाव

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे पडवी सारवणं. मी तलावाचं पाणी आणलं, तिनं शेण कालवलं. इंग्रज-जर्मनांच्या मोठ्या लढाईच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा एक जर्मन पादरीबाबा तिरोड्याकडून तापाच्या पुड्या वाटत यायचा आणि आमच्या पडवीत दम घ्यायचा. हिनं फार खोदून विचारलं म्हणून त्यानं भुईवर कोळशानं आपलं गाव काढलं होतं. नदीचं वळण, दगडी पूल, पडका कोट, मधोमध बाजारचौक. चौकात ख्रिस्ताचं एकच देऊळ, पण पंथ दोन. सकाळी एकाची पूजा, मग दुसऱ्याची.

"भांडत नाहीत का, बाबा?"

"भांडतात ना. घंटेवरून."

"म्हणजे आमच्यासारखेच!"

टेकडीवर आणखी एक लहान देऊळ होतं. "नदी सोडून देव तिथं कायले चढला?" हे तिनं विचारलं, तोवर बाबा निघाला होता.

तर त्या दिवशी ती तेवढं गाव सोडून सारवून राहिली होती. मी म्हटलं, "पुसून टाक ना वं."

"त्याचं गाव बुडवू का जी मी?"

तिसऱ्या दिवशी ती तापानं गेली. तलावाच्या पाळीवर, बांधावर, माझ्या आज्यानं बसवलेली मातामाय देवी आहे. हिला वाचव म्हणून मी देवीला नवस बोललो होतो. मग माझं देवीशी बोलणं बंद. दिवाही बंद. तेरावं झालं आणि मला त्या कोळशाच्या गावाकडं बघवेना. एका दुपारी कुदळ घेऊन खणायलाच बसलो. मातामायला म्हटलं, "असशील तर अडव." शिवीही दिली, खोटं कायले सांगू?

दारात पादरीबाबा उभा. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. "बाईंचं उत्तर राहिलं होतं," म्हणाला, "कुठं आहेत?"

"गेली."

तो खाली बसला. मी कुदळ बाजूला ठेवून म्हटलं, "मले सांगा."

एकदा नदीनं त्याचं अर्धं गाव बुडवलं. टेकडीवर चढले ते वाचले, म्हणून तिथं देऊळ. दरसाल त्या दिवशी बाजार उठला की दोन्ही पंथ मिळून खाली उतरतात, नदीला दिवे वाहतात.

"बुडवलं तिलेच दिवा? काऊन?"

"माझी आजी म्हणायची, दुसरी नदी आणायची कुठून?"

त्याला कोणी धाडलं, हे मी कुणाला पटवत नाही. आला, एवढं खरं. मी तिचा जीव वाचव म्हटलं होतं, मिळालं तिच्या प्रश्नाचं उत्तर. ओंजळीत काय पडावं हे आपल्या हाती नाही. पडलं ते घ्यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेण कालवलं आणि ते गाव माझ्या हातानं सारवलं, टेकडीपासून नदीपर्यंत. मग पाळीवर गेलो, तलावात हात धुतले, मातामायपुढं दिवा लावला. म्हटलं, "भांडण मिटलं नाही आपलं. पण तेल घातलंय."