आवाज कुठवर जायचा

डॉक्टरांनी स्पिरिटच्या दिव्यावर छोटा गोल आरसा गरम केला, माझी जीभ कापडात धरून बाहेर ओढली आणि आरसा घशात घालून म्हणाले, "ई म्हणा." मी म्हटले. आवाज फाटक्या कापडासारखा निघाला. त्यांनी आरसा काढून हात धुतले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "लॅरिंजियल ट्यूबरक्युलोसिस. छातीतला क्षय स्वरयंत्रापर्यंत चढला आहे."

मी साताऱ्यात शाळामास्तर होतो. दिवसभर बोलणे हाच माझा धंदा. तीन महिने आवाज बसला होता. ज्येष्ठमध चघळून, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून झाल्या होत्या. मिरजेला मी घसा दाखवायला म्हणून आलो होतो, आणि तिथूनच जवळच्या सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरोग्यांच्या दवाखान्यात, दाखल झालो.

उपचार एकच होता. डॉक्टर म्हणाले, "ॲब्सोल्यूट व्हॉइस रेस्ट. म्हणजे संपूर्ण मौन. कुजबुजसुद्धा नाही. कुजबुजताना स्वरतंतूंवर उलट जास्त ताण येतो. खोकला आला तरी जमेल तेवढा गिळा. काही महिने लागतील. पाळलंत तर आवाज परत मिळण्याची आशा आहे."

लढाईमुळे कागद मिळत नव्हता. नर्सने हातात दगडी पाटी आणि पेन्सिलीचा तुकडा ठेवला.

माझी खाट लांबलचक व्हरांड्यात होती. शेजारच्या खाटेवर तिशीच्या आतलाच एक माणूस उशीला टेकून बसला होता. खांदे रुंद, पण त्यांवर मांस उरले नव्हते. त्याच्याही मांडीवर पाटी होती. त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले, भराभरा काही लिहिले आणि पाटी माझ्याकडे वळवली.

*गुरुजींच्या शाळेमधी पोरं गप बसायची,*
*आता बसा तुमी गप, पाळी आली मास्तरांची.*

मी मास्तर असल्याचे त्याने नर्सच्या तोंडून ऐकले असावे. मला हसू आले, आणि हसण्यालाही बंदी आहे हे आठवून मी तोंडावर हात धरला. माझ्या काही कविता मासिकांत छापून आल्या होत्या. गप्प बसणे बरे दिसेना. पाटी पुसून पुसून मी लिहिले,

*तिशीमध्ये आज पुन्हा हाती आली काळी पाटी,*
*शेजारी या बसविला कोणी द्वाड माझ्यासाठी!*

त्याने ते दोनदा वाचले. मग साध्या गद्यात शेरा मारला, "बरं हाय. पण इस्तरी लय मारलीया. माशी बसली तर घसरंल."

अशी हिंदुरावची आणि माझी ओळख झाली. तो कवठे महांकाळच्या बाजूचा. मराठी चार यत्ता झाल्यावर शेती, मग पलटण, आणि पलटणीतून हे दुखणे घेऊन परत. गावी मोटेवर गाणी रचून म्हणायचा. कागदावर त्याने कधी काही उतरवले नव्हते. पाटी हाती आल्यावरच तो आपली गाणी लिहू लागला.

आमच्या खेळाला नियम झाला. नर्सने तोंडात थर्मामीटर ठेवले की एकाने पाटी दाखवायची, आणि ती ते काढायला येईपर्यंत दुसऱ्याने उत्तर तयार ठेवायचे. जमले नाही तर आपल्या दुपारच्या अंड्यातले अर्धे पहिल्याला. मी पहिल्या महिन्यात बरीच अंडी हरलो. तो वृत्त मोजत नसे, ओळ मान हलवून बघे. मी बोटांवर मात्रा मोजू लागलो की तो तेल्याच्या घाण्याची नक्कल करून हात गोल गोल फिरवी.

एकदा मी पाटीवर विचारले, सगळ्यात जास्त काय आठवते? त्याने थर्मामीटर काढून नेईपर्यंत काही लिहिले नाही. अर्धे अंडे माझे झाले. संध्याकाळी त्याने पाटी वळवली.

*मोटंवर गाताना मी बैल माना हालवीत,*
*आता गावं कुणापुढं, खोकलाच ताल देत.*

 ती पाटी त्याने बराच वेळ पुसली नाही.

त्याची आई रोज सकाळी यायची. दवाखान्यामागच्या धर्मशाळेत ती स्वयंपाक करून राहत होती. खाटेजवळच्या पायरीवर बसून ती गावच्या गोष्टी सांगे आणि हा मान हलवी. काही सांगायचे झाले की तो पाटीवर लिही. पण तिला अक्षर येत नव्हते. ती पाटी हातात घेऊन माझ्याकडे पाही. मला वाचता येत होते, बोलता येत नव्हते. मग ती पाटी परत देऊन हसे. "माझ्या लेकाच्या दगडाला समदं ठावं हाय. आईलाच तेवढं कळत न्हाई." नर्स रिकामी असली तर घाईने वाचून दाखवी. पुष्कळदा ती रिकामी नसे.

पावसाळा सरता सरता त्याला गिळणे जड जाऊ लागले. याला डिस्फेजिया म्हणतात. घशातल्या जखमांमुळे पाण्याचा घोटसुद्धा काट्यासारखा उतरतो. जेवणाआधी डॉक्टर घशात बधिर करणारे औषध फवारत. तेवढ्या वेळात तो दूध पिऊन घेई. अंड्यांची पैज आम्ही न बोलता सोडून दिली. बोलणे नव्हतेच म्हणा.

आणि एका सकाळी, फेरीच्या वेळी, डॉक्टर त्याच्या खाटेशी थांबले. आरसा घातला नाही. त्याच्या मनगटावर हात ठेवून म्हणाले, "हिंदुराव, आता आईशी बोलत जा थोडं थोडं. चालेल."

मला इतका आनंद झाला की मी उठून बसलो. माझ्याआधी त्याला परवानगी मिळाली! पाटीभर मोठ्या अक्षरांत मी लिहिले, "पेढे!" त्याने वाचले, माझ्याकडे पाहिले आणि मान डोलावली.

त्याच दुपारी त्याला व्हरांड्याच्या टोकाच्या, शेवटच्या खोलीत हलवले. डॉक्टर माझ्याकडे आले तेव्हा मी पाटी पुढे केली, "मला कधी?"

ते खाटेच्या कडेला बसले. एरवी ते कधी बसत नसत. म्हणाले, "तुम्हाला अजून थांबायचं आहे, मास्तर. तुमचा घसा वाचण्यासारखा आहे, म्हणून."

मी ते वाक्य मनात पुन्हा म्हटले. पाटीवरचे "मला कधी?" मी तळहाताने पुसले.

संध्याकाळी परवानगी काढून मी शेवटच्या खोलीत गेलो. व्हरांड्यातून जाताना आतून बोलण्याची अस्पष्ट चाहूल आली. दारापाशी पोचलो तर शांतता. आई उशाशी होती. हिंदुरावने माझ्याकडे बघून पाटी मागितली. मी माझ्या पाटीवर लिहिले, "माझ्याशीही एक शब्द बोल. कोणताही." त्याने नाही म्हणून मान हलवली आणि लिहिले, "मी बोललो तर तुमी गप ऱ्हानार न्हाई. मी वळखतो तुमास्नी." मग ते पुसून, थांबत थांबत,

*आधी तुमी बोलायचं, मग माझी यील पाळी,*
*तवर ही हाय बरी दगडाची जीभ काळी.*

 मी त्याचा हात धरून बसलो. त्यानंतरच्या सगळ्या भेटी अशाच गेल्या.

तो एका पहाटे गेला. आईचा हंबरडा साऱ्या व्हरांड्याने ऐकला. मीही तोंड उघडले, तेव्हा डॉक्टरांनी माझे दोन्ही खांदे धरले. "मास्तर, आवाज काढायचा नाही. त्याने इतकं सांभाळलं ते घालवू नका." रडायलासुद्धा घसा लागतो हे मला तेव्हा कळले. मी तोंडात उपरण्याचा बोळा धरून रडलो.

पुढल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी आरसा काढला आणि म्हणाले, "जखमा भरल्या. नाव सांगा तुमचं." मी सांगितले. आवाज अनोळखी होता, बारीक आणि कोरडा, पण होता. ओरडायचे मात्र जन्मभर नाही, अशी ताकीद मिळाली.

साताऱ्याला जाण्याआधी मी हिंदुरावच्या गावी गेलो. आई विहिरीजवळच्या छपरात होती. तिने मला बसवले, पाणी दिले. मी म्हणालो, "आई, त्याने पाटीवर लिहिलेलं सांगायला आलोय." पाटी रोज पुसली जायची. मला पाठ होते तेवढेच उरले होते. मी एकेक ओळ सांगितली. मास्तरांची पाळी, माशी, अंडी, खोकला. ती हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली.

"असं बोलत व्हता व्हय तुमच्यासंगं? लय वांड."

"तुमच्याशी काय बोलायचा, शेवटी?"

"काय बोलनार? तांबड्या बैलाला इकू नगंस. जोंधळा कुठला पेरायचा. तुमची पावलं वाजली की गपकन गप बसायचा. म्हनायचा, आई, गुरुजींचा गळा बरा व्हायचाय."

मी विचारले, "त्याचा आवाज कसा होता, आई? मी ऐकलाच नाही."

तिला सांगता येईना. जाड म्हणाली, मग जाड न्हवं म्हणाली. शेवटी ती उठून धावेवर, मोटेचे बैल चालत त्या उतारावर, उभी राहिली आणि ओढ्यापलीकडच्या चिंचेकडे बोट केले. "हितनं गायला लागला की तितवर जायाचा. बाया खुरपं थांबवून ऐकायच्या."

हे मी माझ्यासारख्यांसाठी लिहितो आहे. घशाचे दुखणे आले आणि मौन सांगितले तर ते कडक पाळा. हे नुसते थांबणे नाही, औषध आहे. आता नवीन इंजेक्शनही निघाले आहे म्हणतात. आम्हाला ते मिळाले नाही. आणि तुमच्या माणसाला अक्षर येत नसेल तर रोज कुणाला तरी हात धरून आणा आणि पाटी मोठ्याने वाचून घ्या. मिळालेल्या आवाजाने मी आता सुट्टीत मिरजेला जाऊन तेवढे काम करतो.

हिंदुरावच्या गावी त्या दिवशी मी ओढा ओलांडून चिंचेखाली गेलो. तिथून विहीर पुष्कळ लांब दिसत होती. आईने हात वर करून मला जेवायला हाक मारली असावी. तोंड हललेले दिसले, हाक पोचली नाही. मी विहिरीकडे तोंड करून, ओरडायचे नाही हे सांभाळून, त्याच्या शेवटच्या दोन ओळी माझ्या आवाजात म्हटल्या.

त्याने सांगितल्याप्रमाणे मी आधी बोललो होतो. आता पाळी त्याची होती. मी चिंचेखाली थांबून राहिलो.