आधी वक्र, मग रीडिंग

बंगळूरच्या महादेवपुऱ्यातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात अ‍ॅनालॉग सिग्नलची लॅब घेणाऱ्या सरांचा मला आजही राग येतो, आणि तो जावा असं मला मुळीच वाटत नाही. त्यांच्या लॅबची रीतच तशी होती. आधी ग्राफपेपरवर पुस्तकातला वक्र काढायचा, मग त्या वक्रावरून रीडिंग्ज उतरवायची. सर्किट जोडायचं ते परीक्षकाला दिसण्यापुरतं.

परीक्षेत आम्हा सगळ्यांना लो-पास फिल्टर आला. खालच्या फ्रीक्वेन्सी जाऊ द्यायच्या, वरच्या अडवायच्या, एवढंच त्याचं काम. पुस्तकाप्रमाणे सोळाशे हर्ट्झच्या आसपास सिग्नल पडायला लागायला हवा होता. माझा एकशेसाठलाच पडला. जोडणी पुन्हा तपासली, मग कपॅसिटर काढून उजेडात धरला. त्यावर १०३ हवं होतं, छापलं होतं १०४. म्हणजे दहापट मोठा. खोक्यातले सगळेच तसे! आणि बाकीच्या टेबलांवरचे ग्राफ मात्र अगदी पुस्तकासारखे.

सर पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचे मराठी. जवळ येऊन हळूच म्हणाले, "काय अम्मा, स्वल्प अ‍ॅडजस्ट कर की. आपलं माणूस म्हणून सांगतोय."

"सर, कपॅसिटरच चुकीचे आहेत. सगळ्यांचे."

"सरी, बरं. म्हणजे तू एकटीच शहाणी?"

या लॅबमध्ये नापास झालं, तर कॉलेजात भरतीला येणारी व्हाइटफील्डची कंपनी मुलाखतीला बसू देणार नव्हती. त्यांना ते माहीत होतं, मलाही. तरी मी मोजलं तेच लिहिलं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांना कपॅसिटर दाखवला. त्यांनी तो पाहिला, मग टेबलावरचा ग्राफचा गठ्ठा पाहिला. माझं खरं मानलं, तर तो अख्खा गठ्ठा खोटा ठरत होता. सरांनी कॉफी मागवली. परीक्षकांनी माझ्या पानावर 'निष्कर्ष चूक' असा शेरा मारला. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

वर्गातले बहुतेक जण त्या कंपनीत लागले. मी पुढच्या सत्रात पुन्हा त्याच टेबलापाशी उभी राहिले. खोक्यात आता १०३ आले होते. मी एकेक रीडिंग घेत गेले, आणि वक्र पुस्तकातल्यासारखा आला.

सरांनी ग्राफ हातात घेतला, खूश होऊन मान डोलावली.

"बघ अम्मा," ते म्हणाले, "शिकलीस ना शेवटी अ‍ॅडजस्ट करायला?"