अव्वा नको म्हणाली

हे मी आजवर कुणालाच बोललेलो नाही. बायकोला नाही, दुकान बंद करून ज्या मित्रासोबत रोज चहा घेतो त्यालाही नाही. देवापुढं हात जोडले तरी भलतंच काहीतरी बोलून परत येतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण बघा — अजून सुरुवातच करता येत नाहीये.

मी सोलापूरचा. नवी पेठेत माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. दुकान लहानसंच, पण पिशवीतून साडीचा नुसता काठ दिसला की मी त्या रंगाच्या कापडाचा ताका खाली काढलेला असतो. "दादा, कुठंच मिळंना, तुमच्याकडं बरोब्बर मिळालं बघा," असं बायका म्हणतात. बढाई मारत नाही. हे वाक्य ऐकायची मला सवय लागली होती, एवढंच सांगतोय. त्या सवयीपायी मी काय केलं ते आता यायचंय.

घरात आम्ही चौघं. मी, बायको राजश्री, मुलगी आणि अव्वा. अव्वा म्हणजे माझी आई. ती मैंदर्गीची, तिकडं घराघरात कानडी, म्हणून आईला अव्वा. राजश्री बँकेत. पाच वर्षांपूर्वी तिला बढती मिळाली आणि पुण्याची ब्रँच मिळाली. मुलगी तेव्हा पाचवीत होती. राजश्री पुण्याला एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायला लागली. शनिवारी यायची, रविवारी संध्याकाळच्या बसनं परत. जाताना अव्वा तिला शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून द्यायची. बस सुटली की मुलगी उशीत तोंड खुपसून पडायची.

असं किती दिवस चालणार? मग फ्लॅटचं बोलणं निघालं. एकदा निघालं ते निघालंच. आमचं कुठलंही बोलणं शेवटी तिथंच येऊन थांबायचं. पुण्यात भाड्यानं राहिलो तर पैसे पाण्यात, घेतला तर वीस वर्षं मान मोडून हप्ते. शाळा जवळ आहे का, पाणी चोवीस तास आहे का, अव्वाच्या गुडघ्यांचं काय. राजश्री एकेक अडचण पुढं ठेवायची आणि स्वतःच सोडवायची. तिला तो फ्लॅट हवा होता. तिला आम्ही सगळे एका छपराखाली हवे होतो. यात काही चूक होती का? नव्हती.

वाकडच्या बाजूला एक बांधकाम चालू होतं, तिथला सॅम्पल फ्लॅट बघायला आम्ही दोघं गेलो. तिथला मुलगा मोठा चुणचुणीत. सगळं "मॅडम, मॅडम" करून राजश्रीला सांगत होता. कर्ज मॅडमच्या पगारावर होणार, हे त्याला दोन प्रश्नांत कळलं. मग शिष्टाचार म्हणून माझ्याकडं वळला. "सर, तुम्ही काय करता?" मी म्हणालो, "बिझनेस." तो म्हणाला, "छान," आणि पुन्हा मॅडमकडं वळला.

राजश्री खोल्या बघत फिरत होती. ही अव्वाची, इथं पोरीचं अभ्यासाचं टेबल. मी सहज विचारावं तसं विचारलं, "आणि मी इथं काय करू?" ती खिडकीचं दार ओढून बघत होती. तिकडंच बघत म्हणाली, "तुम्ही बघालच की काहीतरी."

काहीतरी.

तिच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण परतीच्या सबंध वाटेवर मला त्या फ्लॅटमधला मी दिसत राहिलो. सकाळी बायकोला डबा देणारा, मुलीला बसपर्यंत सोडणारा, दुपारी सोफ्यावर बसून राहिलेला माणूस. लिफ्टमध्ये कुणी विचारलं तर "मॅडमचे मिस्टर". मला जायचं नव्हतं. बास, एवढंच होतं. बायकोला सरळ सांगायचं — राजश्री, मला भीती वाटते, मी नाही येणार. ती भांडली असती, रडली असती, कदाचित काही मार्गही काढला असता. पण "भीती वाटते" हे शब्द बायकोसमोर उच्चारायचे कसे?

राजश्री म्हणाली होती, "अव्वांना तुम्हीच विचारा. माझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना वाटेल सून घर मोडायला निघालीय. आणि त्या मनापासून हो म्हणाल्या तरच. नाहीतर नको." मी एका दुपारी विचारलं. अव्वा शेंगा फोडत बसली होती. मला आतून वाटत होतं, ती नकोच म्हणेल. सगळं आयुष्य हिकडं गेलेली बाई, ती कशाला येतीय?

ती म्हणाली, "जाऊ की रं. माजं हितं काय आडलंय? ते लेकरू तितं एकटं काय खातंय, काय न्हाय."

लेकरू म्हणजे राजश्री.

मग जरा थांबून म्हणाली, "पर एक बग. तितं कानडी बोलनारं कोन भेटंल का?" आणि स्वतःच हसली. "न्हाय भेटलं तर मी शिकवीन की."

मी तिला म्हणालो, इतक्यात कुणाला बोलू नकोस. ती बोलली नाही. फक्त ट्रंकेतल्या दोन इरकली साड्या काढून तिनं उन्हात टाकल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानातून मी राजश्रीला फोन केला. म्हणालो, "अव्वा नको म्हणते."

ती म्हणाली, "बरं. मी त्यांच्याशी काही बोलत नाही. उगाच आणखी दुखवायला नको." हे मला माहीत होतं. ती बोलणार नाही हे धरूनच मी फोन केला होता. आणि अव्वाला घरी येऊन सांगितलं, त्या फ्लॅटची कागदपत्रं नीट नाहीत, जमायचं नाही. तिनं साड्यांच्या घड्या घालून परत ट्रंकेत ठेवल्या.

राजश्रीनं बढती सोडली आणि सोलापूरला परत आली. तिच्यानंतर बँकेत लागलेली मुलगी आज तिची साहेब आहे. घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. राजश्री अव्वाशी कामापुरतं बोलायला लागली. जेवायला वाढायची, औषध आणायची, पण "अव्वा" म्हणून हाक मारताना तिच्या आवाजात जे होतं ते गेलं. अव्वानं केलेली चटणी ताटात तशीच राहायची. अव्वा मला एकटं गाठून विचारायची, "माजं काय चुकलं का रं? ती माज्याकडं बगत बी न्हाय." मी म्हणायचो, "बँकेत काम फार आहे तिला."

एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. खोटं कोण बोलत नाही? आत्तापर्यंत तुम्हीही मला माफ केलं असेल. थांबा जरा.

दोन-तीन वर्षांनी राजश्रीच्या त्या पुण्याच्या मैत्रिणीनं फ्लॅट घेतला. आम्ही वास्तुशांतीला जाऊन आलो. रविवारची दुपार होती. राजश्री मोबाइलवरचे फोटो मुलीला दाखवत होती, अव्वाही सरकून जवळ आली. बघता बघता म्हणाली, "लई चांगलं हाय. आपलं बी आसंच व्हनार हुतं न्हवं? मी तर कवाच तयार हुते. कागदं नीट न्हवती म्हनं, न्हायतर आज आपुन तितंच आसतो."

राजश्रीनं मान वर केली. आधी अव्वाकडं बघितलं. मग माझ्याकडं.

मला वेळ होता हो. नव्हता असं म्हणता येणार नाही. एक श्वास भरून घेण्याइतका वेळ होता. मी तो भरून घेतला आणि अगदी मऊ आवाजात म्हणालो, "अव्वा, तू नको म्हणाली होतीस. विसरलीस का?"

"मी?"

"हो. रडलीसुद्धा होतीस. मी राजश्रीला ते सांगितलं नाही, तिला वाईट वाटलं असतं म्हणून."

असं कसं सुचलं मला? कुणी शिकवलं? अव्वा माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ती म्हणणार, खोटं बोलतोय हा. आयुष्यात तिनं मला कितीदा पकडलंय. पण तिला वाटलंच नाही की मी असं करीन. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःवरचा सोडला. "मी न्हाय म्हनलं?" असं हळूच पुटपुटली.

संध्याकाळी राजश्री स्वयंपाकघरात मला म्हणाली, "आपण त्यांना डॉक्टरांना दाखवू या का?" मी म्हणालो, "हो, दाखवू या."

डॉक्टरांनी आज वार कोणता विचारलं, नातीचं नाव विचारलं, कालची भाजी विचारली. अव्वानं सगळं बरोबर सांगितलं. भाजीत मीठ कमी होतं हेही सांगितलं. डॉक्टर हसले. मग मला म्हणाले, "घरी काय जाणवतं तुम्हाला?" आणि मी — मी सांगितलं. म्हणालो, मोठमोठ्या गोष्टी विसरते, घडल्याच नाहीत असं म्हणते. त्यांनी एक गोळी लिहून दिली आणि लक्ष ठेवा म्हणाले.

राजश्री लक्ष ठेवू लागली. मनापासून. बिचारी विसरते, तिच्यावर आपण कसला राग धरत होतो, असं तिला झालं. तिचा सगळा दुरावा गळून पडला. अव्वाची वेणी घालायला लागली, रोज शेजारी बसून गप्पा मारायला लागली. आणि गॅसला हात लावू देईना. शेंगा कुटू देईना. अव्वा महिन्याकाठी एकटी एसटीनं मैंदर्गीला बहिणीकडं जायची, ते बंद झालं. "रस्ता चुकल्या तर?" बाहेरच्या दाराला आतून वरची कडी बसवली, अव्वाचा हात पोचणार नाही अशी. कडी मीच आणली, मीच ठोकली.

अव्वा आधी कुरकुरली. "मला काय झालंय? मी जाऊन येते की." मग तेही थांबलं. माणसाला रोज सांगितलं की तू विसरतोस, तर तो प्रत्येक वस्तू दोनदा चाचपून बघायला लागतो. ती तशी बघते. जेवून उठली की विचारते, "मी जेवले न्हवं?" आता तिला खरंच आठवत नाही, की ती स्वतःवर भरवसा ठेवायला घाबरते? मला सांगता येत नाही. सांगता येण्यासारखं मीच काही ठेवलं नाही.

कधी मनात येतं, आता सांगितलं तर त्या दोघींमध्ये एवढी माया झालीय तिचं काय होईल. हे मी स्वतःशी अनेकदा बोललोय. ते खरं नाही. त्या दोघींचं काहीच बिघडायचं नाही. बिघडेल ते माझं.

गेल्या महिन्यात राजश्रीचा भाऊ सांगोल्याहून आला होता, डाळिंबं घेऊन. आमची मुलगी दहावीला आहे, पुढं पुण्यालाच जाईल, तर तो म्हणाला, "ताई, तेव्हाच घ्यायला पाहिजे होता फ्लॅट तुम्ही. आता भाव विचारायची सोय नाही." राजश्री नुसती हसली.

अव्वा खाटेवर बसली होती. ती म्हणाली, "माज्यामुळं ऱ्हायलं ते. मीच आडवी पडले."

राजश्रीच्या भावानं हातातलं डाळिंब खाली ठेवलं.

"ह्यानं मला इचारलं," माझ्याकडं बोट करून ती सांगायला लागली. "मी म्हनलं, मी न्हाय येत जा. त्या चुलीपाशी बसून रडले. ह्यो मला समजावत हुता, पानी दिलं ह्यानं मला. मी काय ऐकलं न्हाय. पोरीचं वाटुळं केलं मी."

पाणी मी तिला कधीच दिलं नव्हतं. तेवढं तिनं आपल्या पदरचं घातलं होतं, माझ्या बाजूनं.

मग तिनं राजश्रीपुढं हात जोडले. राजश्री धावत जाऊन तिच्या जवळ बसली, ते हात आपल्या हातात धरले आणि म्हणाली, "जाऊ द्या अव्वा, किती वेळा तेच." अव्वा तिच्याकडं बघेना. ती माझ्याकडं बघत होती. मी काय म्हणतोय याची वाट बघत.

मी म्हणालो, "जाऊ दे, अव्वा. आमचा राग नाही तुझ्यावर."