भिंतीकडचं पान

अगं बयो, अशी जवळ बस अन् नीट ऐक, दरवेळी निम्म्यातून उठून पळतीस. आज पळसाच्या ओल्या पानांचा वास आला अन् तीर्थपुरीकडची माझी बालवाडी आठवली. मी लेकरांना आकडे शिकवताना घरची माणसं मोजायला सांगायची, पण माणसं मोजली की नजर लागते म्हणून तिथल्या बाया कुरकुरायच्या. मंग मी लेकरांना भातुकलीत घरच्या एकेकासाठी एक पान मांडायला लावायची, वर खड्याची भाकर, अन् मोजायची ती पानं. एका चिमुरडीच्या घरी आजी, आई, बाप अन् ती, तरी चार पानं मांडून ती पाचवं भिंतीकडच्या अंधारात ठेवायची. "हे कुणाचं ग?" "दादाचं. त्याला भूक लागली." हिला भाऊ कुठला! एका दुपारी तिची आई न्यायला आली अन् ते पान बघून उंबऱ्यातच थिजली. "बाई, हिला कुणी सांगितलं?" हिच्या आधीचं लेकरू बारशाआधीच गेल्तं, सासूनं घरात कधी त्याचा विषय काढू दिला न्हाई. पोरगी म्हणाली, "आई, मोज ना." आई चारवर अडकली. पोरगी भिंतीकडं बघत हळूच बोलली, "म्हण की, तो थांबून राह्यला." "पाच," आई म्हणाली अन् त्या पानापाशी बसून पोटभर रडली. दुसऱ्या दिवशी पोरीनं चारच पानं मांडली. मी विचारलं, तर खडे ठेवता ठेवता म्हणाली, "जेवला अन् गेला." तू गावाला गेलीस की मीबी तुझं पान मांडती बघ, पण भिंतीकडं न्हाई, माझ्या शेजारी. रिकामं पान बघवत न्हाई ग. उद्या निघालीस तर जल्दी परत ये.