लाइनमनच्या कानातला कापूस

वॉचमननं तिसऱ्यांदा शिट्टी वाजवली तरी मुलगी थांबली नाही. ती गेटमधून रस्त्याकडं निघाली होती. वॉचमन धावत गेला आणि त्यानं मागून तिचा दंड धरला. मुलगी दचकली आणि त्याच्या हाताला चावली.

मी बीडमध्ये बावीस वर्षांपासून भाड्याची घरं मिळवून देतो. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला पार्टी म्हणतात. ही पार्टी केजची. ज्ञानोबा वीज कंपनीत लाइनमन, त्यांची बीडला बदली झालेली. बायको सुरेखाताई. मुलगी आरती, वय आठ. फोनवर ज्ञानोबांनी एवढंच सांगितलं होतं, की सेफ एरिया पाहिजे. म्हणून सेफ म्हटल्यावर मी सगळ्यांना जे दाखवतो तेच दाखवलं. शहराच्या कडेची नवी सोसायटी. कंपाउंड, गेट, वॉचमन, कॅमेरे. ज्ञानोबा त्या दिवशी ड्यूटीवर होते, त्यामुळं मायलेकीच आल्या होत्या.

"तिला ऐकू येत न्हाई," सुरेखाताई वॉचमनला म्हणाल्या. "जन्मापासून."

हे आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, आधी दोन एजंटांना सांगून बघितलं होतं, दोघांनी नंतर फोन उचलला नाही. बदलीसुद्धा मागून घेतलेली होती. केजला आरती साध्या शाळेत मागच्या बाकावर बसायची आणि फळ्यावरचं उतरवून घरी यायची. बीडला मूकबधिर मुलांची शाळा आहे. शाळा सुरू व्हायला आठवडा होता.

मी फ्लॅटची माहिती द्यायला लागलो. सुरेखाताईंनी मधेच विचारलं, इथं आग लागली तर काय होतं. मी म्हणालो, सायरन वाजतो. त्यांनी आरतीकडं बघितलं. मग मीही थांबलो.

परत येताना मला जुन्या पेठेत एका घरमालकिणीची दुसऱ्याच करारावर सही घ्यायची होती. मायलेकींना गल्लीच्या तोंडाशी थांबवून मी आत गेलो. ही बंद गल्ली आहे, म्हणजे एका टोकाला भिंत. चारचाकी आत जात नाही, नळाला पाणी कधी येईल सांगता येत नाही. शिवाय गल्लीत बहुतेक घरं मुसलमानांची. बाहेरगावच्या हिंदू पार्टीला मी ही गल्ली कधी दाखवली नव्हती, आणि मुसलमान पार्टीला ती सोसायटी. मला कोणी तसं सांगितलेलं नव्हतं. 'सेफ' म्हणजे काय, ते दोन्हीकडच्यांना न सांगता कळतं.

मी सही घेऊन आलो तर आरती एका ओट्यावर बायकांबरोबर मेथी निवडत बसली होती. सुरेखाताई टेलरच्या दुकानाच्या पायरीवर बसून गल्लीकडं बघत होत्या. म्हणाल्या, "इथं रिकामी खोली हाय का?"

खोल्या होत्या, त्याच घरमालकिणीकडं. त्यांना गल्लीत सगळे आपा म्हणतात, उर्दू शाळेतून रिटायर झालेल्या शिक्षिका. त्यांनी आरतीकडं पाहिलं, चहा दिला आणि नाही म्हणाल्या. म्हणाल्या, मुलीचं ओझं वाटत नाही, पण उद्या तिला काही झालं तर पेपरात आमच्या गल्लीचं नाव कसं येईल ते तुम्हालाही माहीत आहे. मला माहीत होतं. मी चहा पीत राहिलो.

सुरेखाताई म्हणाल्या, "आपा, मला बी त्येच भ्याव हाय. हिला काई झालं तर गावाकडचे म्हणतील, तिथं गेलीच कावून. तुमचं अन् माझं भ्याव एकच हाय."

आपांनी एक दिवस मागितला.

दुसऱ्या दिवशी ज्ञानोबा सुट्टी काढून मायलेकींबरोबर आले. त्यांच्या थोरल्या भावानं फोनवर ऐकवलं होतं, की त्या गल्लीत राहायचं असेल तर मला घरी बोलावू नका. ज्ञानोबा मला म्हणाले, सोसायटीचंच फायनल करा. सुरेखाताईंनी वाद घातला नाही. सही करण्याआधी एकदा सोसायटीत चला, एवढंच म्हणाल्या.

तिथं त्यांनी पिशवीतून कापूस काढला. "कानात घाला. वरून हेल्मेट घाला. पार्किंगपासून गेटापर्यंत चालत जा. मागं बघायचं न्हाई."

ज्ञानोबा खांबावर चढणारा माणूस. जमिनीवर चालायला कशाला घाबरतील? ते निघाले. अर्ध्यात गेले तेवढ्यात एक मोठी गाडी रिव्हर्स येऊ लागली. चालवणाऱ्यानं हॉर्न दिला. हॉर्न दिला म्हणजे समोरचा बाजूला होणारच, असं धरून तो मागं येत राहिला. वॉचमननं शिट्टी मारली. मी ओरडलो. बंपर मांडीला लागला तेव्हा ज्ञानोबांना कळलं. ते हातावर पडले.

गाडीवाला उतरून म्हणाला, "बहिरा हायस का बे?"

ज्ञानोबांनी उठून हेल्मेट काढलं, कानातला कापूस काढला आणि मला विचारलं, काय म्हणले ते. मी सांगितलं. त्यांनी पँट झटकली. ती स्वच्छ झाली तरी बराच वेळ झटकत राहिले.

तिथून ते स्वतःच गल्लीत चला म्हणाले. तोंडाशी पुन्हा कापूस घातला आणि भिंतीकडं चालू लागले. मागून एक मोटारसायकल आली, तिनंही दोनदा हॉर्न दिला. ज्ञानोबा बाजूला झाले नाहीत. टेलर मशीनवरून उठला आणि त्यानं मोटारसायकलवाल्याला हात दाखवला. पुढच्या ओट्यावरच्या बाईनं ज्ञानोबांना बाजूला व्हायची खूण केली. मोटारसायकलवाल्यानं पाय टेकले. बंद गल्लीत भरधाव जाऊन पोचायचं कुठं? सगळे ओळखीचे, सगळ्यांची घरं तिथंच. ज्ञानोबा भिंतीला हात लावून परत आले.

आपा दारात उभं राहून बघत होत्या. हा माणूस कानात कापूस घालून का फिरतोय, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. त्या आत गेल्या, ओढणी घेऊन आल्या आणि आरतीचा हात धरून गल्लीतल्या प्रत्येक दारात गेल्या. मी मागं होतो. प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य म्हणाल्या, "ह्या मुलीला ऐकायला येत नाही, हॉर्न वाजवू नका, ब्रेक मारा." कोणाला तक्रार असेल तर आत्ता सांगा, असंही म्हणाल्या. एका घरातून तक्रार आली, पण ती नळाच्या पाण्याची होती.

पोलीस व्हेरिफिकेशन, म्हणजे भाडेकरूची पोलीस ठाण्यात नोंद, मी स्वतः जाऊन करून घेतली. शाळेच्या आदल्या दिवशी सामान आलं.

याला तीन वर्षं झाली. गल्लीतल्यांनी मधे एक स्पीडब्रेकर बांधला आहे. परवानगी घेतलेली नाही आणि उंची चुकली आहे, माझ्या स्कूटीचं खालचं कव्हर तिथंच फुटलं. टेलरला 'थांब', 'हळू' आणि 'जेवलीस का' एवढ्या खुणा येतात. ज्ञानोबांचा भाऊ वर्षभर आला नाही. मग त्याला बीडच्या दवाखान्यात दाखवायचं झालं, तेव्हा तो पंधरा दिवस त्याच दोन खोल्यांत राहिला. आपा त्याला रोज मुगाची खिचडी पाठवायच्या. मीठ कमी असतं, असं तो मला म्हणाला.

आता नवी पार्टी आली की एरिया कोणता पाहिजे हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, घरातून एकटं बाहेर कोण पडणार आहे. बऱ्याच जणांना हा प्रश्न आगाऊपणाचा वाटतो. उत्तर देणाऱ्यांसाठी मात्र मला दोनदा घर शोधावं लागत नाही.